करंगळीपलीकडचं बोट

पोरगी पाचव्या महिन्यातच माहेरी आली. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ही आमच्याकडची रीत, पण त्यासाठी सातव्यानंतर आणतात, ओटी भरून, चार बायका बरोबर घेऊन. ती एकटीच आली. काशीदच्या पुढच्या स्टॉपवर एसटीतून उतरून चालत. बॅग दारात ठेवली आणि म्हणाली, "बाबा, चहा टाका." मी चहा टाकला. तिची आई असती तर तिने आधी पोरीच्या तोंडाकडे बघितलं असतं. मी साखरेचा डबा शोधत बसलो.

माझी बायको गेल्या पावसाळ्यात गेली. सकाळी तांदूळ निवडत बसली होती, बसल्या जागी कलंडली. दवाखान्यात म्हणाले, काळीज बंद पडलं. तेव्हापासून घरात मी एकटा. भात येतो, सुकटीचं कालवण येतं. बाकी मला काही येत नाही. चौथीत शाळा सोडली, गवंडीकाम केलं, मुंबईवाल्यांच्या बंगल्यांना फरश्या बसवल्या. पोरीचं बाळंतपण कसं करायचं हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

चहा पिता पिता तिने सांगितलं. पनवेलला सोनोग्राफी झाली होती. पोटातल्या बाळाच्या हाताला सहावं बोट दिसलं होतं, करंगळीच्या बाहेरच्या अंगाला. तिथला डॉक्टर म्हणाला, नुसतं बोट असेल तर काळजी नाही. पण कधीकधी अशा बोटाबरोबर काळजात, किडनीत, डोक्यातही काही अर्धवट राहिलेलं असतं, ते बघायला पाहिजे. आणि लवकर बघायला पाहिजे, कारण काही मोठं निघालं तर पुढे काय करायचं ते ठरवायला कायद्याने मुदत घालून दिली आहे.

हे तिच्या सासूच्या कानावर गेलं आणि घरात सुरू झालं. ग्रहणात भाजी चिरली असशील. कात्री हातात घेतली असशील. मग एक दिवस सरळच म्हणाली, ठेवून काय करायचं, पहिलंच हाय, पुन्हा होईल. जावई बंदरावर ट्रेलर चालवतो. माणूस वाईट नाही, पण आईसमोर त्याचा आवाज फुटत नाही.

"मला हे पोर हवंय, बाबा," पोरगी म्हणाली. "पण त्याचा उभा जन्मच दवाखान्यात जाणार असंल तर..." कप घेऊन मोरीकडे गेली.

मी विहिणीला फोन लावला. मला आडून बोलता येत नाही. म्हटलं, तुम्ही विहारात जाऊन वंदना घेता आणि घरी येऊन ग्रहण पाळता, हे कुठलं? ती म्हणाली, वंदना वेगळी आणि पोटुशी बाई वेगळी, तुम्हा पुरुषांना त्यातलं काय कळतंय. आणि हिची आई असती तर तिने आधीच सांभाळलं असतं, असंही म्हणाली. मी फोन ठेवून दिला.

भांडलो खरं, पण ते डोक्यात राहिलं. दुसऱ्या दिवशी अंगणात पोरगी केस विंचरत होती. मी तिला सहज विचारल्यासारखं विचारलं, त्या ग्रहणाच्या दिवशी तू करत काय होतीस गं? तिचा फणी धरलेला हात थांबला. "बाबा, तुम्ही पण?" एवढंच म्हणाली. मी पाणी भरायला निघून गेलो.

अलिबागला एका दवाखान्यात मुंबईची डॉक्टरीण ठरल्या वारी यायची. जन्मजात गोष्टींचीच डॉक्टरीण. पोरीच्याच वयाची, बोलायला साधी. तिने सगळे कागद बघितले, आणि पहिला प्रश्न विचारला की घरात कुणाला जास्तीचं बोट होतं का.

"न्हाय," मी म्हटलं. "आमच्यात कुणाला असलं काही न्हाय. बाप, आजा, भाऊ, सगळ्यांना दहाच्या दहा."

"आणि मुलीच्या आईकडे?"

"तिलाबी दहाच. मी उभा जन्म बघितलेत तिचे हात."

जरा तोडूनच बोललो. ती आमच्या घराण्याची खोड शोधते आहे असं वाटलं मला. तिच्या तोंडावरचं हसू गेलं. मग म्हणाली, घराण्यात असतं तर बरं झालं असतं. काही घराण्यांत हे बोट पिढ्यान् पिढ्या येतं आणि माणसं धडधाकट असतात. घराण्यात नसताना अचानक आलं, तर मात्र जास्त खोलात जावं लागतं. काळजाची वेगळी सोनोग्राफी करायची, आणि पोटात सुई घालून बाळाभोवतीचं पाणी काढून तपासायचं. सुई म्हटल्यावर पोरीने माझा हात धरला. लहानपणानंतर पहिल्यांदाच.

मी विचारलं, हे होतं कसं तेवढं तरी सांगा. ग्रहणाने होतं का?

ग्रहणाने होत नाही, ती म्हणाली, आणि कागदावर काढून दाखवायला लागली. आधी हात म्हणजे अंगातून फुटलेला नुसता कोंब असतो, वल्ह्याच्या पात्यासारखा चपटा. त्याच्या करंगळीकडच्या काठावर थोड्या पेशी असतात, त्या एक रस सोडतात. जवळच्यांना तो जास्त मिळतो, लांबच्यांना कमी, अंगठ्याकडे जवळजवळ पोचतच नाही. कुणाला किती मिळाला त्यावरून कळतं की इथे करंगळी व्हायची की मधलं बोट. पण रस मिळाला म्हणून काम संपत नाही. प्रत्येक पेशीत हजारो जनुकं, बरीचशी गप्प बसलेली. रस पोचला की एक जागं होतं. ते दुसऱ्याला जागं करतं, दुसरं तिसऱ्याला गप्प बसवतं, तिसरं गप्प झालं म्हणून चौथं बोलायला लागतं. सगळी एकमेकांना बांधलेली, जाळ्याच्या गाठींसारखी. त्यातून ठरतं, इथे बोट, इथे मोकळी जागा, इथे पुन्हा बोट. कोंब जरा रुंद झाला, नाहीतर रस जरा जास्त पसरला, की कडेला आणखी एका बोटाची जागा होते.

"मग नकाशा कुणाकडं असतो?" मी विचारलं.

"नकाशा नसतोच, काका. प्रत्येक पेशी शेजारणीचं ऐकते आणि पुढच्या शेजारणीला सांगते."

"आणि मुकादम?"

"तोही नसतो."

ती हसली. मला हसू आलं नाही. मी मुकादमाशिवाय काम बघितलेलं नाही. ओळंबा सोडला नाही तर भिंत कलते, दोरी धरली नाही तर शेवटची फरशी दाराशी येऊन अडकते. तेव्हा कुणीतरी येऊन शिव्या घालतो आणि उखडायला लावतो. इथे शिव्या घालणारा कुणी नाही. मी विचारलं, मग चुकलं तर पकडणार कोण? ती म्हणाली, बहुतेक वेळा ते जाळंच सावरून घेतं. एक गाठ सैल पडली तर दुसऱ्या धरून ठेवतात. म्हणून तर बहुतेकांना दहाच बोटं येतात.

मला खरी भीती होती ती मी विचारून टाकली. बोटं बसवताना चुकलं, ते काळीज बसवताना चुकलं नसेल कशावरून?

तेच तर बघायचं आहे, ती म्हणाली. हाताचं काम करणारी जनुकं फक्त हाताचंच काम करत नाहीत. तीच पुन्हा डोक्यात, काळजात, किडनीत वापरली जातात, वेगळ्या वेळी, वेगळ्या बटणाने. घरात मेन स्विच बिघडला तर सगळं घर अंधारात जातं. एका खोलीतलं बटण बिघडलं तर तिथलाच दिवा. आपल्याला शोधायचंय ते हे, की इथे बिघडलंय काय, मेन स्विच की खोलीतलं बटण.

उठता उठता पोरीने विचारलं, पुढे त्या बोटाचं काय करायचं? डॉक्टरीण म्हणाली, ते नंतर सर्जन बघतील. फक्त घरी दोरा बांधू नका. पूर्वी सुइणी बांधायच्या. लोंबतं बोट असलं की केस नाहीतर दोरा घट्ट आवळायचा, ते काळं पडून गळून जायचं, मागे तांदळाएवढा दाणा राहायचा. पिकायचं, रक्त जायचं, पोरं दगावायची.

मी ऐकलं आणि सोडून दिलं. माझ्या डोक्यात सुई होती.

परतीच्या एसटीत पुढच्या सीटवरची एक बाई दांड्याला धरून झोपली होती. तिची करंगळी माझ्या तोंडासमोर. ती बघता बघता मला बायकोचा हात आठवला. हिच्या डाव्या करंगळीच्या मुळाशी, बाहेरच्या अंगाला, एक टणक दाणा होता. मी त्याला चामखीळ म्हणायचो. चुना लाव, पडून जाईल, असं कितीदा म्हटलं असेन. ती हात पदराखाली घ्यायची आणि म्हणायची, तुमचं काय जातंय, असू दे. अंत्यविधीच्या आधी बायकांनी तिला आंघोळ घातली तेव्हासुद्धा तो हात मी बघितला होता. बघितला आणि चामखीळच म्हटलं.

पोरीला सांगितलं नाही. चामखीळच असली तर? आशा दाखवायची आणि मग काढून घ्यायची, ते मला करायचं नव्हतं. पण एक माणूस खात्रीने सांगणारं होतं, हिची थोरली बहीण. ती हिच्या माहेरच्या घरातच राहते, खाडीपलीकडे, दिघीच्या पुढे. सकाळी मी पोरीला म्हटलं, तुझ्या मावशीकडे जाऊन येतो, आणि मुरूडवरून आगरदांड्याला गेलो.

पाणी उतरलं होतं. बोटीची वाट बघत धक्क्याच्या कडेला उभा राहिलो. खाली ओल्या रेतीवर बारीक बारीक उंचवटे उठले होते, सारख्या अंतराने, एक रेघ आणि एक खळगा. कुणी दोरी धरलेली नव्हती. असं मी लहानपणापासून बघतोय, कधी लक्ष दिलं नव्हतं. एके ठिकाणी रेतीचा पट्टा रुंद होता तिथे एक रेघ जास्त बसली होती. ती बघून मला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. रेतीला काळीज नसतं.

हिच्या बहिणीकडे पोचलो तेव्हा ती पडवीत वाल सोलत बसली होती. "पाव्हणं," ती म्हणाली, "वाट चुकलात काय? मला वाटलं बहीण गेली तशी सोयरीकबी गेली." पाणी दिलं. मी पाणी प्यायलो आणि विचारलं, आक्का, हिच्या करंगळीजवळ तो दाणा होता, तो कसला?

"चामखीळ," ती म्हणाली. माझं वाक्य संपायच्या आधीच.

"बोट होतं काय तिथं?"

"मेलेल्या माणसाची खोड काढाया आलात? नांदत होती तोवर दिसली न्हाय ती?"

मग मी सगळं सांगितलं. सोनोग्राफी, मुदत, सुई, विहीण काय म्हणते ते. ती सोलत राहिली. विहिणीचं पाडायचं बोलणं सांगितलं तेव्हा तिने सूप बाजूला सारलं.

म्हणाली, होतं. दोन्ही हातांना होतं. गावात सुईण होती, तिने टांग्याच्या घोड्याच्या शेपटीचा केस बांधला. डावीकडे दाणा राहिला, उजवीकडे साफ गेलं. पोरीची जात, लग्न जमायचं नाही म्हणून कुणी तोंड उघडलं नाही. तिच्या आज्याला तर अख्खं बोट होतं, नख असलेलं, कुणी कापलं नाही. पुरुषाचं कोण कापतो. तो म्हातारा वाकेपर्यंत शेतात राबला, कधी दवाखाना बघितला नाही. पोरं त्याला चिडवायची, तो त्याच हाताने फटका द्यायचा.

मला हायसं वाटलं. उठायला लागलो तर तिने हाताने खाली बसवलं.

"अजून एक हाय. शिव्या घालू नका."

"काय?"

"तुमच्या पोरीलाबी व्हतं."

मला वाटलं ती म्हातारपणामुळे घोटाळा करते आहे. पण ती वालाच्या सालांकडे बघत सांगत राहिली. पोरगी इथेच झाली, या घरात, पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून. लोंबतं बोट होतं, डाव्या हाताला. तोवर सुईण मरून गेली होती. मग हिच्या आईने दोरा आवळला. मी बारशाला आलो तेव्हा हाताला हळदीचं फडकं गुंडाळलेलं होतं, मला सांगितलं होतं की डास चावला. ते फडकं मला आठवत होतं.

"तिनं का न्हाय सांगितलं मला?"

आक्का म्हणाली, "तीच म्हणाली, त्यांना सांगू नका. मनाचे वाईट न्हाईत, पण पोटात काय राहत न्हाय त्यांच्या. आईसमोर बोलून बसतील आन् पोरीचं नाव सहाबोटी पडंल."

माझी आई कशी होती ते मला माहीत आहे, आणि मी कसा आहे तेही. परत येताना बोटीत माझा राग अनावर झाला होता आणि तो काढायला माणूस नव्हतं. एका घरात, एका चुलीवर एवढी वर्षं, आणि पोरीचा हात मला ठाऊक नाही. बायको समोर असती तर आवाज चढवला असता. ती गप्प राहिली असती, आणि थोड्या वेळाने ताट वाढलं असतं. आता भांडायचं म्हटलं तरी एकट्यानेच भांडायचं.

आणि दिघीचा किनारा मागे पडला तसं दुसरंच मनात आलं. हिला बोट होतं, आणि ही गेली ती काळीज बंद पडून. म्हणजे बोटाबरोबर काळीजही कच्चं होतं की काय? मग पोरीचं काय? मी तिला वाचवणारी बातमी आणायला गेलो होतो आणि ही काय घेऊन चाललोय असं झालं. बाजूचा माणूस विचारत होता, बरं नाही का. मी म्हटलं, लाटा हायत.

घरी पोरगी दारातच होती. मी लपवणार नव्हतो. लपवण्याने काय होतं ते नुकतंच बघून आलो होतो. अंगणात उजेडाला बसवून तिला सगळं सांगितलं. तिने डावा हात उलटासुलटा केला. करंगळीच्या मुळाशी एक फिकट ठिपका होता, मोहरीएवढाही नाही. त्यावर बोट फिरवत ती म्हणाली, "म्हणजे माझ्याकडूनच गेलं त्याला."

"तुझ्याकडून न्हाय, तुझ्या आईकडून. आणि तिच्याकडून न्हाय, तिच्या आज्याकडून. कुणी दिलेलं न्हाय गं. आलेलं हाय."

"आईने मला पण न्हाय सांगितलं." ती रडली. आई गेल्यावर माझ्यासमोर अशी रडली नव्हती. मी बाजूला बसून राहिलो. पाठीवर हात फिरवायचा असतो ते मला उशिरा सुचलं.

डॉक्टरणीला फोन केला. मी आधी काळजाचं विचारलं. ती म्हणाली, उतारवयात शिरा तुंबून काळीज बंद पडणं वेगळं, ते बोट नसलेल्यांनाही होतं. जन्माचा दोष वेगळा, आणि तुमची बायको तुम्ही सांगता तशी उभा जन्म राबली, बाळंत झाली, धाप लागली नाही, म्हणजे तसा दोष असण्याची शक्यता कमी. मग म्हणाली, काका, तुम्ही हे शोधून आणलंत ते फार बरं झालं. आज्याला, नातीला, तिच्या मुलीला आणि आता बाळाला, करंगळीच्याच अंगाला. हे खोलीतलं बटण दिसतंय. पण काळजाची सोनोग्राफी करायचीच.

मांडव्याहून रो-रो बोटीने, गाडीसकट, मुंबईला सोनोग्राफीला गेलो. जावई रजा टाकून आला होता, त्यानेच गाडी चालवली. आत पोरगी आणि तो गेले, मी बाहेर बाकावर. समोर दुसरी एक पोटुशी बाई नवऱ्याच्या खांद्यावर डोकं ठेवून बसली होती. मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होतो, तेही माझ्याकडे बघायचं टाळत होते. आत काय दिसत असेल ते मी मनात बांधत होतो आणि पाडत होतो. मला प्रार्थना येत नाही. त्रिसरण येतं, ते म्हटलं, अर्ध्यात अडकलो, पुन्हा पहिल्यापासून म्हटलं.

जावई बाहेर आला. माझ्यासमोर उकिडवा बसला, जसा मजूर बसतो. "चारी कप्पे नीट हायत," म्हणाला. "किडन्या दोन. डोकं बरोबर." आणि डोळे पुसत तिथेच बसून राहिला. डॉक्टरीण नंतर म्हणाली, जन्माला येईपर्यंत शंभर टक्के कुणीच सांगू शकत नाही, पण घराण्याचं बघता सुई घालायलाच हवी असं मी म्हणणार नाही, ठरवा तुम्ही. पोरीने नवऱ्याकडे बघितलं. तो म्हणाला, नको सुई. पहिल्यांदाच त्याचा आवाज ऐकल्यासारखं वाटलं.

बोटीवर पोरीने सासूला फोन लावला. मला वाटलं नवऱ्याला बोलू देईल. तिने स्वतःच सांगितलं, स्पीकरवर, लोकांच्या देखत. "आई, बाळाचं काळीज चांगलं हाय. आम्ही ठेवणार. आणि ते बोट माझ्याकडचं हाय. मला होतं, माझ्या आईला होतं. ग्रहणाचं काय न्हाय त्यात."

जावई फोनकडे बघत होता, मी पाण्याकडे. मला वाटलं आता खानदान काढणार, लग्नाच्या वेळी फसवलंत म्हणणार. मी उत्तर तयार ठेवलं होतं, चांगलं जाड.

"मग डोहाळजेवण कधी करायचं?" विहीण म्हणाली. "तुझ्या बापाला जमणार हाय काय ते?"

मी म्हटलं, जमवतो. त्यात काय काय लागतं ते मला अजून ठाऊक नाही. आक्का येणार आहे दिघीहून. पोरगी आता इथेच आहे. ती खोकली तरी मी उठून बसतो, आणि ती आतून ओरडते, "बाबा, काय न्हाय झालं, झोपा."